खऱ्या मारामारीसाठी रीतसर अर्ज

कराटे, कुस्ती आणि जुजुत्सू यांपैकी खऱ्या मारामारीत कोणती विद्या कामाला येते, या विषयाचा माझ्याइतका अभ्यास कोल्हापुरात दुसऱ्या कुणी केला असेल असं मला वाटत नाही. मी स्वतः आयुष्यात एकदाही मारामारी केलेली नाही, ही गोष्ट खरी. पण त्यामुळेच माझं मत निःपक्षपाती आहे. आमचं घराणं हातकणंगल्याकडचं, जैन. आमच्या आईनं घरातलं झुरळसुद्धा सुपलीत घेऊन परसात नेऊन सोडलं आणि जाताना त्याला पुन्हा येऊ नको म्हणून सांगितलं. अशा घरातल्या माणसानं मारामारीचा अभ्यास करायचा म्हणजे तो मुळापासूनच करावा लागतो.

विषय निघाला अपूर्वामुळे. अपूर्वा माझी एकुलती एक मुलगी. बारावी झाली, मार्क भरपूर पडले आणि मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तिनं जाहीर केलं की ती पुण्याला संख्याशास्त्र शिकायला जाणार. कॉलेज ठरलं, होस्टेल मिळालं, पंधरा जूनला तिथं हजर व्हायचं होतं. तिची आई लगेच हो म्हणाली. या बायकांना कशाचा पोच नसतो. मी म्हणालो, "जा की, जरूर जा. पण परक्या गावात एकटी राहणार, तर स्वतःचं रक्षण करता आलं पाहिजे. आधी एखादी विद्या शिक. कोणती शिकायची ते मी अभ्यास करून ठरवतो. तोपर्यंत जाणं बंद."

"किती दिवस लागतील अभ्यासाला?" अपूर्वानं विचारलं.

"आठवडा," मी म्हणालो.

मी एका सरकारी कचेरीत आवक-जावक विभाग सांभाळतो. माझ्या टेबलावर आलेला कागद पूर्ण तपासून झाल्याशिवाय पुढं सरकत नाही, हा माझा लौकिक आहे. त्याच दिवशी मी एक नवी फाईल उघडली, तिच्यावर 'युद्धकला (घरगुती)' असं लिहिलं आणि पहिलं मत घ्यायला खाली पिराजी आण्णांकडे गेलो.

पिराजी आण्णा आमच्या सोसायटीत तळमजल्याला राहतात. साखर कारखान्यातून निवृत्त झाले, पण तालमीतून निवृत्त होण्याचा त्यांचा विचार नाही. सत्तरी ओलांडली तरी रोज पहाटे पोरांना मातीत लोळवतात. त्यांनी फाईलकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"चौगुले, ह्यात अभ्यास कसला करतासा? माणूस एकदा पाठीवर पडला की संपला इषय. उताणा पडलेला माणूस काय करणार हाय? आबाळ बगणार! पोरगीला तालमीत धाडा. लाल मातीबिगर दुसरं काय बी न्हाय."

मी ते शब्दशः लिहून घेतलं आणि दुसऱ्या मजल्यावरच्या अमरसिंह सरांकडे गेलो. हे सोसायटीच्या हॉलमध्ये संध्याकाळी कराटेचे क्लास घेतात. काळा पट्टा आहे आणि तो दिवाणखान्यात काचेत लावलेला आहे. ते म्हणाले, "साहेब, आण्णांचा मान राखून सांगतो. कुस्तीत आधी समोरच्याला मिठी मारावी लागते. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला मिठी मारणार काय तुमची अपूर्वा?"

हा मुद्दा बाप म्हणून माझ्या काळजाला भिडला. मी कुस्तीवर तात्पुरती फुली मारली.

तिसरं मत राजवीरचं. हा आमच्याच गल्लीतला पोरगा, बेंगळुरूला कॉम्प्युटरची नोकरी करत होता, ती सोडून आला आणि टायरच्या दुकानावर एक हॉल घेऊन जुजुत्सू शिकवू लागला. त्याच्या घरचे अजून कुणाला सांगत नाहीत. तो म्हणाला, "काका, बहुतेक मारामाऱ्या शेवटी जमिनीवर जातात. आणि आमच्यात माणूस पाठीवर पडला की तिथून खरी सुरुवात होते."

हे मी आण्णांना जाऊन सांगितलं, तर ते इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

त्यानंतर रोज संध्याकाळी सोसायटीच्या फाटकाशेजारच्या कट्ट्यावर चर्चा भरू लागली. पहिला आठवडा तर 'खरी मारामारी' म्हणजे काय हे ठरवण्यातच गेला. समोर एक माणूस धरायचा की चार? जागा मोकळी की एसटी स्टँडावरची? पायातलं पायताण हातात घेतलं तर ती विद्या समजायची की हत्यार? पायताणाच्या मुद्द्यावर दोन संध्याकाळी गेल्या. ज्यांनी कधी डास मारला नव्हता असे लोक आपण गडहिंग्लजच्या बाजारात तिघांना कसं लोळवलं हे सांगू लागले. मी सगळ्यांचे जबाब नोंदवून त्यावर सह्या घेतल्या. सही मागितल्यावर तिघांचा एक झाला, हेही नोंदवलं.

तोंडी पुराव्यावर निर्णय घेणं माझ्या स्वभावात नाही. म्हणून प्रत्येक विद्या एकेक दिवस स्वतः करून पाहायची ठरवली.

कराटेच्या क्लासात मला शेवटच्या रांगेत उभं केलं. पुढं सगळी दुसरी-तिसरीतली मुलं. तिथं एका चिमुरडीनं मागं वळून "अंकल, गुडघा वाकवा, नाहीतर सर ओरडतात" असं मला समजावलं. मी वाकवला. मग पँटची शिवण गेली. तालमीत आण्णांनी पन्नास बैठका सांगितल्या, मी अकरा मारल्या. पुढचे चार दिवस मला खुर्चीत बसता येत नव्हतं. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं, बसा म्हणाले, मी उभाच राहिलो. माझ्या मनात त्यांच्याविषयीचा आदर एकाएकी वाढलाय असा त्यांनी समज करून घेतला आणि त्या आठवड्यात मला चहा पाजला.

जुजुत्सूची तऱ्हा वेगळी. राजवीरनं मागून माझ्या गळ्याभोवती हात घातला आणि प्रेमानं म्हणाला, "काका, सहन होईना झालं की दोनदा हात आपटा. म्हणजे तुम्ही हार मानली. मी लगेच सोडतो." हार मानायची म्हटल्यावर मी थोडा वेळ घेतला. मला माझ्या इभ्रतीचा विचार करायचा होता. हॉलचं छप्पर डोळ्यांपुढं फिरायला लागल्यावर मात्र मी माझ्याच मांडीवर दाणदाण हात आपटले. राजवीरनं सोडलं. दारात आण्णा गंमत बघत उभे होते. ते टाळ्या पिटत आत आले.

"शाब्बास चौगुले! गळा दाबला तरी शड्डू ठोकला गड्यानं!"

आमच्याकडे पैलवान मांडीवर थाप मारतो ती समोरच्याला आव्हान द्यायला. ती मी शरण जाताना मारली होती. पण आण्णा सगळ्या गल्लीत माझं कौतुक करत सुटले होते, आणि आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी मला गडी म्हणत होतं. मी खुलासा केला नाही.

एव्हाना जून उजाडला. एका सकाळी आमच्या सौभाग्यवतींनी पोह्याची बशी माझ्यापुढं जरा जोरातच ठेवली.

"झाला का अभ्यास?"

"चालू आहे. तिन्ही मतं परस्परविरोधी आहेत. प्रत्यक्ष प्रात्यक्षिक घेतल्याशिवाय निष्कर्ष काढता येत नाही."

"अवं, पोरीनं शिकायचं कधी मग? पंधरा तारखेला तितं हजर व्हायचंय तिला."

"घाईत घेतलेला निर्णय चुकतो," मी म्हणालो. अपूर्वा शेजारी बसून मोबाईलवर काहीतरी करत होती. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा मोबाईलवर बोटं चालवू लागली. तिचं हे बघणं मला आवडत नाही.

आठ जूनचा रविवार ठरला. जागा सोसायटीचं मोकळं मैदान, वेळ सकाळी नऊ. सेक्रेटरींनी सांगितलं की पोलिसांची परवानगी आणा, मग बघू. मी रीतसर अर्ज टाईप करून चौकीवर गेलो.

"काय काम?" हवालदारांनी विचारलं.

"परवानगी पाहिजे."

"कशाची?"

"मारामारीची."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "पावणं, एकवीस वर्षं झाली नोकरीला. लोक मारामारी करून हितं येत्यात. तुमी आधी विचारायला आलाय व्हय?"

मी प्रात्यक्षिक हा शब्द वापरून विषय समजावला. छापील अर्जात कार्यक्रमाचे प्रकार होते लग्न, धार्मिक, राजकीय आणि इतर. 'इतर'पुढं एकच ओळ होती, म्हणून मी तीन पानांची पुरवणी जोडली होती. ती न वाचताच त्यांनी 'सांस्कृतिक' असं लिहिलं आणि विचारलं, "डॉल्बी हाय?"

"नाही. एक माईक फक्त."

"डॉल्बी न्हाय तर कसला सांस्कृतिक!" ते म्हणाले. मग जरा पुढं झुकून हळू आवाजात, "पण कोण जिंकंल म्हणता?" शेजारच्या टेबलावरचे म्हणाले, कुस्ती. तक्रार द्यायला आलेला एक माणूस आपली तक्रार विसरून म्हणाला, कराटे. मी परवानगी घेऊन बाहेर पडलो तेव्हा दीड तास झाला होता, आणि रविवारी सुट्टी टाकून नक्की येतो असं हवालदारांनी मला वचन दिलं होतं.

नियम मी स्वतः केले, चौदा कलमं. नखं कापलेली असावीत. चावू नये. अंगाला तेल नसावं. पायताण मैदानाबाहेर काढावं. आण्णा लाल मातीवर अडून बसले, राजवीर मॅटवर. मी अर्ध्या मैदानात माती पसरली आणि अर्ध्यात मॅट घातली. एवढा समतोल क्वचित पाहायला मिळतो. फक्त लढत संपली कधी म्हणायचं, हे लिहायचं राहिलं. आण्णांनी आठवण केली नाही, कारण पाठ टेकली की संपलं हे कोल्हापुरात कुणाला सांगावं लागतं? राजवीरनंही केली नाही, कारण हात आपटला की संपलं हे त्याच्याकडे लहान पोरांनाही ठाऊक असतं. दोन्ही नियम माहीत असलेला गावात मी एकटा होतो, आणि मला सगळंच माहीत असल्यामुळे लिहायचं सुचलं नाही.

रविवारी साठ-सत्तर माणसं जमली. एक माईक म्हणून सांगितलं होतं तरी तालमीच्या पोरांनी हलगी आणली. सुरुवात अमरसिंह सरांनी करायची होती, हाताच्या एका घावात पाच कौलं फोडून. कौलं आणायची जबाबदारी माझी. बाजारातली कौलं हल्ली पातळ येतात असं ऐकलं होतं, म्हणून मी मुद्दाम हातकणंगल्याला जाऊन आमच्या आजोबांच्या जुन्या गोठ्यावरची उतरवून आणली. सरांनी डोळे मिटले, श्वास ओढला, आरोळी ठोकली आणि हात मारला. कौलं तशीच होती. पुन्हा मारला. मग त्यांनी कौलांना वाकून नमस्कार केला आणि माझ्याजवळ येऊन म्हणाले, "साहेब, क्वालिटी चांगली आहे." त्यांची करंगळी वांग्याएवढी सुजली. मला वाईट वाटलं. आजोबांच्या खरेदीचा अभिमानही वाटला.

मग मुख्य लढत. आण्णांच्या बाजूनं त्यांचा पठ्ठ्या ऋतुराज, वजन नव्वद किलो, कान सुजून गोल झालेले. दुसऱ्या बाजूनं राजवीर. पंच मी. मी शिट्टी वाजवली. दोघांनी हात मिळवले. राजवीर त्याच्या कानात म्हणाला, "दुखलं तर हात आपट," आणि पुढच्याच क्षणी मॅटवर खाली बसून सरळ पाठीवर आडवा झाला.

मागची माणसं टाचा उंचावून बघू लागली. मग एकदम गजर उठला.

"पडला! आरं, हात न लावताच पडला की!"

हलगी कडाडली. ऋतुराज बिचारा गोंधळला. पडलेल्या माणसावर पुन्हा चाल करायची नसते हे त्याच्यावरचे संस्कार. जिंकल्यावर करतात तसं त्यानं राजवीरला उठवायला हात पुढं केला. राजवीरनं तो हात धरला, दोन्ही पाय वर घेऊन त्याच्या खांद्याभोवती टाकले आणि नव्वद किलोंचा ऋतुराज गुडघ्यावर आला. चेहरा लाल झाला. त्यानं मोकळ्या हातानं आपल्या मांडीवर सणसणीत थाप मारली, एकदा, दोनदा.

"शड्डू! हात अडकला तरी शड्डू ठोकतोय! ह्येला म्हणत्यात पैलवान!"

राजवीरनं तत्काळ सोडलं, उठला आणि दोन्ही हात वर केले. ऋतुराजनं पण दोन्ही हात वर केले. आण्णांनी ऋतुराजच्या डोक्याला फेटा बांधायला घेतला. राजवीरच्या विद्यार्थ्यांनी त्याला खांद्यावर घेतलं. हलगी दोघांसाठी वाजत होती. मग दोन्ही बाजूंना एकमेकांचे विजेते दिसले आणि सगळे माझ्याकडे वळले.

"पंच, निकाल द्या!"

मी नियमावली उघडली. चौदाही कलमं वाचली. ऋतुराजला बाजूला घेऊन विचारलं की तू शरण गेलास की आव्हान दिलंस? तो म्हणाला, "मला काय म्हाईत? हात दुखत हुता." हवालदार साध्या कपड्यांत होते, ते म्हणाले बरोबरी द्या. दोन्ही बाजूंनी त्यांना गप्प बसवलं.

आण्णांनी माझा उजवा हात धरून ऋतुराजच्या दिशेला ओढला. राजवीरच्या पोरांनी डावा धरला. शर्टानं मधोमध हार मानली. कुणीतरी कुणाला तरी ढकललं, आणि पाच आठवडे ज्या गोष्टीची आम्ही व्याख्या करत होतो ती माझ्या डोळ्यांदेखत सुरू झाली. अभ्यासाच्या दृष्टीनं माझं निरीक्षण सांगतो. ना कुणी डाव टाकला, ना कुणी लाथ मारली. सगळ्यांनी सगळ्यांच्या कॉलरी धरल्या होत्या आणि जो तो समोरच्याला "तू कोण रं?" एवढंच विचारत होता. रेट्यात मी मागच्या मागं मातीत पडलो. पाठीवर. माझ्या दोन्ही बाजूंनी पाय नाचत होते. मला भीती वाटली. मी घाबरलो होतो, यात लपवण्यासारखं काही नाही.

तेवढ्यात माईक खरखरला.

"ऐका सगळ्यांनी! मिसळ तयार आहे. पहिली पंगत बसून घ्या. जागा कमी हाय, मागं राहील त्याला थांबावं लागंल."

अपूर्वाचा आवाज होता. ओरडली नाही ती, वाढप्यासारखी निवांत बोलली. कॉलरी सुटल्या. शर्टाची बटणं शोधत लोक एकमेकांना "व्हा की म्होरं" म्हणू लागले.

"तालमीतल्या एकाशेजारी राजवीरकडचा एक, असं बसायचं. रांग मोडायची नाही. आण्णा, तुम्ही बसू नका. पंगतीवर देखरेख तुमची. अमरसिंह सर, पाण्याचं बघा, एका हातानं जमेल तेवढं."

मग ती माझ्याजवळ आली, मला उठवून बसवलं आणि पाठीवरची माती झटकली.

"कुठली मिसळ?" मी विचारलं.

"अजून कुठलीच न्हाय. कोपऱ्यावर आत्ता फोन केलाय. साठ माणसांचा कट आणि पाव घेऊन या पप्पा. वीस मिनिटं मी ह्यांना बसवते."

"आणि नाही बसले तर?"

"बसतील की," ती म्हणाली.

मी फाटक्या शर्टावर स्कूटर काढली. कटाचा डबा पायांमध्ये आणि पावांची पोती मागं, असा पंचवीस मिनिटांनी परत आलो, आणि फाटकातच थांबलो. माती आणि मॅट यांच्यावर चार सरळ रांगांत साठ माणसं मांडी घालून बसली होती. राजवीर आण्णांना पाय खांद्यावरून कसा टाकायचा ते दाखवत होता, आणि आण्णा "पुना दाव" म्हणत होते. हवालदार पत्रावळ्या वाटत होते. अपूर्वा रांगांमधून फिरत होती, कुणाशी दोन शब्द बोलत होती, कुणाला सरकून बसायला लावत होती. तिला माझी गरज नव्हती. मिसळीची होती, ती मी आणली होती.

तिथं फाटकात उभं राहून एक गोष्ट मला कबूल करावी लागली. कोणती विद्या चांगली, हा माझा प्रश्न कधीच नव्हता. पोरगी घरात राहावी एवढंच मला हवं होतं, आणि ते तोंडानं मागायची हिंमत नव्हती. म्हणून पाच आठवडे मी कागद पुढं सरकू दिला नाही. मला माझी लाज वाटली.

सौभाग्यवती पाव घ्यायला आल्या. त्यांनी माझ्या शर्टाकडे पाहिलं. "झाला अभ्यास?" एवढंच म्हणाल्या.

"झाला," मी म्हणालो.

मी कट वाढायला घेतला. अपूर्वा पाव घेऊन माझ्यामागून येत होती. दुसरी रांग संपत आली तेव्हा मी तिच्याकडे न बघता विचारलं, "पुण्याला निघायचं कधी?"

"चौदाला, सकाळी सातची एसटी. तिकिटं काढलीत मी परवाच. जाताना दोन, तुमचं आणि माझं." मग ती थोडी थांबली. "येताना तुमचं एकट्याचंच हाय पप्पा. याल न्हवं एकटं, नीट?"

येतो म्हणालो. डोळ्यांत पाणी आलं. तिखटावर ढकलायची सोय होती, पण मी ढकललं नाही.